पहिल्या नंबरची टूर

वेशीच्या दगडी कमानीखाली उभं राहून कोंडीरामनं पहिला फोटो काढला, तो इब्राहिमला जळवायला.

मागं राखाडी डोंगर, पुढं समुद्राचं निळं पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत परदेशातलं कोटर नावाचं हे जुनं गाव. तट नुसता गावाभोवती नव्हता. मागच्या बाजूनं थेट डोंगरावर चढला होता.

"हा तर आपला किल्लाच की वो!" टूरमधले दिघीचे नानासाहेब बायकोला म्हणाले. "फक्त ह्यांनी पडू दिला न्हाई. आपल्या चाकणच्या भुईकोटाचं बघा काय करून ठेवलंय."

कोंडीरामचं लक्ष मोबाइलवर होतं. फोटो गेला होता. टिक अजून निळी झाली नव्हती.

"जळ," तो पुटपुटला. "जळ लेका."

चाकणात तळेगाव रस्त्याला दोघांची गॅरेजं भिंतीला भिंत लावून. एकाच उस्तादाच्या शिव्या खाऊन दोघं टेम्पोचं इंजिन उघडायला शिकले, एकाच डब्यात जेवले. मग गॅरेजं झाली आणि गिऱ्हाईक इब्राहिमकडं वळलं. कोंडीरामच्या मते इब्राहिम गोड बोलायचा म्हणून. इब्राहिम दिलेल्या वेळेला गाडी द्यायचा हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं, पण कोंडीरामला तोंडावर कोण सांगणार?

त्यात ऑइल कंपनीनं मेकॅनिक लोकांसाठी स्कीम काढली. डब्याच्या झाकणाखालचा कोड मोबाइलवर स्कॅन करायचा, पॉइंट जमवायचे. प्रत्येक भागात पहिला येईल त्याला परदेशाची टूर, वर सोबत कुणीही एक माणूस न्यायचा. दुसऱ्याला टेबलफॅन.

इब्राहिम पहिला आला. कोंडीराम दुसरा.

पेढे घेऊन इब्राहिम गॅरेजात आला. "कोंडीराम, तुझा तो पासपोर्ट चालू आहे का रे अजून?"

तो पासपोर्ट दुबईच्या नोकरीसाठी काढलेला. दुबई झालीच नाही. पासपोर्ट कपाटात साड्यांखाली कोराच पडून होता, आणि हे इब्राहिमला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकांसमोर विचारायची गरज होती का?

"आहे चालू. टूर लागली नाही म्हणून फाडून टाकू काय?"

"तसं नाही राव," इब्राहिम हसला.

दुसऱ्या दिवशी परत हजर. कोंडीरामच्या पोटावर थाप मारून म्हणतो, "शर्टाचा नंबर किती झाला? डबल एक्सेलच्या खाली नसणार."

"माझी मापं काढतोस काय?"

"चिडतोस काय? बरं, संध्याकाळी चहाला ये. एक सांगायचंय."

"मला धंदा आहे. मी काय फिरायला चाललो नाही."

त्यानंतर कोंडीराम त्याच्याकडं बघेनासा झाला. घरी बायकोनं, सोजराबाईनं विषय काढला, "इब्राहिमभाऊंच्या गुलशनला म्हणे उड्डाणपुलावरनं खाली बघितलं तरी गरगरतं."

"नवऱ्यानं विमानात बसवली की उतरेल बरोबर गरगर!" त्याला ती खिडकीशी बसलेली आत्ताच दिसत होती. ताटातला घास कडू झाला.

मग एका दुपारी त्यानं चहावाल्याच्या मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. नाव सांगितलं नाही. "तुमचा तो इब्राहिम भंगारवाल्याकडनं झाकणं विकत घेतो. तीच स्कॅन करतो." साफ खोटं. पण जीभ एकदासुद्धा अडखळली नाही.

कंपनीनं चौकशी कसली करायची? इब्राहिम काही कंपनीचा जावई नव्हता. ग्रीस लागलेल्या माणसाला चोर म्हणायला पुरावा लागत नाही. नाव उडालं. थोड्याच दिवसांत कोंडीरामचा फोन वाजला.

"अभिनंदन! पहिला नंबर आता तुमचा. पासपोर्ट पाठवा, नाव वगैरे आहेच आमच्याकडं. सोबतचं तिकीट मात्र आता होणार नाही, वेळ उरलेला नाही."

"नकोच सोबत. मी एकटा जातो."

सोजराबाईनं त्या रात्री त्याच्यापुढं ताट आपटलं.

निघताना इब्राहिम भेटायला आला. चेहरा उतरलेला, तरी हात पुढं केला. "जाऊन ये भावा. दोघांतला एक तरी चाललाय." कोंडीरामनं हात मिळवला खरा, पण गाडी सुटेपर्यंत त्याला वाटत राहिलं, ह्यातपण टोमणा आहे.

आता टिक निळी झाली. लगेच उत्तर आलं. "लई भारी राव! वर वारा असेल. जॅकेट दिलं का?"

कोंडीरामचं तोंड आंबट झालं. जॅकेट देणार हे ह्याला माहीत. म्हणजे अजून दाखवतोय, पहिला नंबर माझाच होता म्हणून! त्यानं मोबाइल खिशात कोंबला.

पायऱ्या चढून मंडळी तटावर आली. खाली लाल कौलं, पलीकडं खाडी. वारा कानशिलात मारल्यासारखा लागत होता. टूर मॅनेजर सनी थेरगावचा. त्यानं बॅग उघडली आणि जॅकेटं वाटायला घेतली. जोडीजोडीनं बांधलेली, छातीवर दोऱ्यानं नावं भरलेली. नानासाहेबांनी आपलं घातलं, बायकोला तिचं घालून दिलं.

"माझं कुठलं असायला," कोंडीराम म्हणाला. "मी मागनं घुसलेला. इब्राहिमचंच द्या. पण तो काटकुळा, मला काय व्हायचं नाही. आणि दुसरं तर बाईमाणसाचं."

"ही सगळी निकाल लागला त्याच आठवड्यात शिवून आलीत," सनी म्हणाला. "चाकणच्या पहिल्या नंबरची ही जोडी. थांबा, बघू."

त्यानं गाठ सोडली. वरचं जॅकेट बारकं, छातीवर इब्राहिमचं नाव. ते त्यानं बाजूला ठेवलं आणि खालचं झटकून कोंडीरामच्या अंगावर चढवलं. चेन पोटावर अडकली नाही. सरळ गळ्यापर्यंत गेली.

"आवं, हे तर मापात बसलं की!" नानासाहेब चष्मा सावरत जवळ आले आणि त्याच्या छातीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. "कोंडीराम."