गुणाजीचा सल्ला

"हा रामदास. रिंग खात्यातल्या आपल्या भिवाचा मुलगा," मागांच्या खडखडाटात कामगार भरणारा कोंडीराम जॉबर गुणाजीच्या कानात ओरडला. "तिकडं वर्षभर बदली कामगार होता. आता साचा शिकायचा म्हणतोय. तुझ्या हाताखाली देऊ का, तेवढं जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांग. तू हो म्हणालास तर ओळ गप बसेल."

एवढं बोलून कोंडीराम पुढच्या ओळीत सटकला. नको त्या जागी थांबायचं नाही, ही विद्या जॉबरांना उपजतच असते. मागे राहिले गुणाजी, त्याचे दोन साचे, म्हणजे माग, आणि धुतलेला सदरा घातलेला तो विशीतला तरुण.

लालबागच्या त्या मिलमध्ये साचेखात्यात आजवर भिवाच्या समाजाचा एकही माणूस कामाला लागला नव्हता. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुठेच लिहिलेलं नव्हतं. आडवं सूत विणत पळणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासासरशी सुताचं टोक बाहेर ओढायचं. एकच धोटा पहिल्या पाळीच्या तोंडातून दुसऱ्या पाळीच्या तोंडात जायचा. म्हणून ज्यांना अस्पृश्य म्हणत ते सगळे सूत कातायच्या रिंग खात्यात, कमी पगारावर. भिवाने दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली, तो बौद्ध झाला. खातं मात्र तेच राहिलं.

तसा गुणाजी वाईट माणूस नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात तो आणि भिवा एकाच दिवशी पकडले गेले होते, तुरुंगात शेजारी शेजारी बसून जेवले होते. ही गोष्ट तो चाळीत अभिमानाने सांगायचा. पण ओळीतल्या माणसांची तोंडं बघून त्याला 'हो' म्हणवेना आणि भिवाचं तोंड आठवून 'नाही' म्हणवेना. अशा वेळी वडीलधारी माणसं जे करतात तेच त्याने केलं. सल्ला दिला.

"रामदासा, तुझ्या भल्याचं सांगतो रे," तो त्याच्या कानाशी वाकून म्हणाला. "मॅट्रिक झालास ना? मग इथं कशाला मरतोस? आता ऑटोमॅटिक साचे येतायत. आज दोन साच्यांमागे एक माणूस आहे, उद्या सोळांमागे एक ठेवतील. जवळजवळ सगळी ओळ घरी बसेल. आणि हे सूत ओढून ओढून छातीत कापूस भरतो तो वेगळाच. तू फिटरचं शीक. माटुंग्याला संध्याकाळचे वर्ग आहेत. मशीन बदललं तरी फिटर लागतोच."

सल्ला सोळा आणे खरा होता. बोलता बोलता गुणाजीला स्वतःलाच तो इतका पटला की त्याला एकदम हलकं वाटलं. आपण नाही कुठे म्हणालो? आपण तर पोराचं आयुष्य मार्गी लावलं.

रामदासने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. मग तोही कानाशी वाकला. "काका, तुमचा जयवंतपण मॅट्रिकच ना?"

"हो."

"त्याला कुठं लावलंत?"

गुणाजीची नजर नको असताना खिडकीकडे गेली. खिडकीखालच्या साच्यावर त्याचा जयवंत काम करत होता. गेल्याच महिन्यात कोंडीरामच्या हातापाया पडून गुणाजीने त्याला चिकटवला होता. तेव्हा त्याला ऑटोमॅटिक साचे आठवले नव्हते, छातीतला कापूसही नाही.

"त्याचं... त्याचं बघू पुढं," गुणाजी पुटपुटला.

तेवढ्यात डावा साचा थांबला. कांडी संपली होती. गुणाजी भानावर यायच्या आत रामदासने धोटा उचलला, नवी कांडी बसवली, भोकाला तोंड लावलं आणि एका श्वासात सूत बाहेर काढलं. घरी कुठल्याशा मोडक्या धोट्यावर त्याने हे कितीतरी वेळा केलं असावं. त्याने धोटा जागेवर ठेवून दांडा ओढला आणि साचा पुन्हा धडधडू लागला. कापडावर कुठे खोट दिसत नव्हती.

शेजारचा साचेवाला काम सोडून बघत होता. त्याच्या पलीकडचाही. हळूहळू सगळ्या ओळीचे डोळे गुणाजीवर येऊन थांबले.

गुणाजी साच्याकडे बघत राहिला. धोटा इकडून तिकडे पळत होता, कांडीवरचं सूत सरत होतं. कांडी संपूच नये असं त्याला उभ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ती संपली.

या वेळी रामदास हात मागे बांधून उभा राहिला. शिकाऊ माणसाने उस्तादाचा हात बघायचा असतो.

गुणाजीने धोटा उचलला, कांडी घातली. भोक अजून ओलसर होतं, की त्यालाच तसं वाटलं. धोटा ओठांपर्यंत नेला आणि खाली घेतला. मग खिशातून साच्याच्या फणीतले धागे काढायची आकडी काढली आणि तिने सूत ओढू लागला. आकडी जाड, भोक बारीक. तीस वर्षं साचा चालवलेल्या हातांना ते जमेना. सूत तुटलं. त्याने पुन्हा आकडी घातली. पुन्हा तुटलं. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही तोंड पुढे होत नव्हतं.

साचेखात्यात लांबून बोललेलं ऐकू येत नाही. माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. रामदास या वेळी कानाशी वाकला नाही. होता तिथेच, सगळ्या ओळीला तोंड दिसेल असा उभा राहून तो शांतपणे म्हणाला,

"तोंडानं ओढा, काका. साचा खोळंबलाय."