टॉवेलाखालचा सौदा

"हा नको," जगदीश म्हणाला आणि बैलाच्या पाठीवरचा हात त्यानं काढून घेतला. "मार खाल्लेलं जनावर हाय. हात वर केला की अंग आखडतंय. असल्या घरचा बैल आपल्या दावणीला नाय बांधायचा."

म्हसा गावच्या जत्रेत, बैलांच्या बाजारात जगदीशच्या शब्दाला वजन होतं. बैल घ्यायचा झाला की सापगावातले लोक त्यालाच सोबत आणत. दात, खूर, शेपूट सगळं तो बघे. पण आधी हात वर करून बघे. जनावर दचकलं की ते सोडून पुढे जाई.

आज त्याला स्वतःसाठी बैल हवा होता. मागून त्याची बायको दिपाली चालत होती आणि तिचा पदर धरून त्यांची दुसरीतली पोर अक्षदा. ऊन डोक्यावर आलं होतं. बाकीच्या पोरांनी कधीच स्वेटर काढून कमरेला बांधले होते. अक्षदाचा मात्र गळ्यापर्यंत बंद. सकाळी दिपालीनंच तो घातला होता, एकेक गुंडी तपासून.

नवशा नावाच्या म्हाताऱ्याचा तांबडा बैल जगदीशच्या मनात भरला. त्यानं हात वर केला, तर बैलानं तो हुंगला आणि चाटला. जगदीश खुदकन हसला. जनावरांवर त्याचा खरोखरच जीव होता, आणि दिपालीला सगळ्यात जास्त तेच छळायचं.

"नातवासारखा वाढवलाय, शेठ," नवशा म्हणाला. "आता माज्यानं व्हत नाय, म्हनून आनला."

दोघांनी हातात हात दिला, वर टॉवेल टाकला. आत बोटं भाव बोलू लागली, बाहेर दोघंही भलतीकडेच बघत राहिले.

"अक्षदा, पानी आन गो," जगदीश म्हणाला.

पोर बाटली घेऊन आली. टोपण सैल होतं. पाणी जगदीशच्या शर्टावर सांडलं. त्यानं मोकळा हात नुसता उचलला. मारला नाही, चारचौघांत तो कधीच मारत नसे. पण अक्षदा डोळे मिटून मटकन खाली बसली आणि तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या. हातांवर काळेनिळे वळ होते, काही जुने, काही कालचे.

नवशानं टॉवेलाखालून हात काढून घेतला.

"बैल द्यायचा नाय मला."

"का रं? भाव कमी वाटला?"

"भाव बरोबर हाय." म्हातारा दिपालीकडे बघत होता. "बाय, पोरीला काय झालंय?"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. इतक्या लोकांत खरं एकदा तोंडातून गेलं, तर ते कुणालाच परत झाकता येणार नव्हतं. चुलीपुढे बसून तेच सांगायचं दिपाली रोज मनात घोकत आली होती. पोर डोळे उघडून तिच्याकडे बघत होती.

"पडली," दिपाली म्हणाली. "विहिरीवर घसरली."

नवशानं कासरा सोडवला, बैलाच्या मानेवर थोपटलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

"येडा म्हातारा!" जगदीश चारचौघांना ऐकू जाईल असं हसला आणि पुढच्या रांगेकडे वळला.

बैल दिसेनासा होईपर्यंत अक्षदा त्याच्याकडे बघत राहिली.

"आई, तो आपल्या घरी नाय ना येनार?"

"नाय."

"बरं झालं," पोर म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

पुढून जगदीशनं हाक मारली. दिपालीनं पोरीच्या बाह्या खाली ओढल्या, गळ्याची गुंडी चाचपली, तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊन हाकेच्या दिशेनं चालू लागली.