नवरीचा कडा

"इथूनच तिनं उडी मारली," इवान्थिया म्हणाली आणि सवयीप्रमाणे तिनं खाली बोट दाखवलं. पर्यटक कठड्यावरून वाकून निळं पाणी बघू लागले.

सकाळी किल्ला, मग समुद्रातून काढलेले स्पंज धुण्याचा कारखाना आणि शेवटी हा कडा. कालिम्नोस बेटावरचा तिचा फेरा ठरलेला असे. कड्याची गोष्ट लोकांना फार आवडे. स्पंज काढायला गेलेला पाणबुडा बुडाला, आणि लग्नाच्या तोंडावर असलेल्या नवरीनं इथून जीव दिला.

गोष्ट रचली होती इवान्थियाच्या आईनं. मोठी हॅट आणि काळा चष्मा लावून ती कड्यापाशीच कण्हेरीच्या जुड्या विकत बसे. लोक त्या नवरीच्या नावानं समुद्रात टाकत.

आज एक म्हातारा मागं रेंगाळला. मेलबर्नहून आलेला, पण ग्रीक बोलत होता, तेही जुन्या वळणाचं.

"तो बुडाला नाही, पोरी."

"कोण, आजोबा?"

"तो पाणबुडा. पाण्याची धास्ती घेतली होती त्यानं. ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर चढला, तिला एक ओळसुद्धा न लिहिता. पन्नास वर्षं झाली." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "तो मीच. माफी मागायला आलो होतो. ती या जगात नाही, हे तुझ्या तोंडून कळलं."

गोष्ट खोटी आहे, हे इवान्थियाच्या ओठांवर आलं. पण बाकीचे पर्यटक ऐकत होते. तिनं मान खाली घातली.

म्हाताऱ्यानं आईकडच्या होत्या नव्हत्या तेवढ्या जुड्या घेतल्या. आईनं मुकाट्यानं पैसे घेतले. एकेक जुडी त्यानं पाण्यात सोडली, छातीवर क्रूस काढला आणि डोळे पुसत बसमध्ये जाऊन बसला.

इवान्थिया तरातरा आईकडे आली.

"झालं समाधान? तुझ्या थापेपायी तो बिचारा ढसाढसा रडला! त्याची ती कुणी असेल, कुठंतरी सुखात नांदत असेल. मी जाऊन खरं काय ते सांगते त्याला."

"खाली बस."

"आई, अगं माणूस आहे तो!"

"माहीत आहे." आईनं रिकामी टोपली पालथी घातली. "त्याची बोट कितीची?"

"चारची. का?"

"मग चार वाजेपर्यंत मी मेलेलीच बरी."