आजीची खुर्ची

स्क्रीनवर पुन्हा 'जोडणी चुकली' अशी लाल पट्टी आली आणि उस्तादांनी कॉम्प्युटरला एक सणसणीत शिवी हासडली.

साधा अ‍ॅम्प्लिफायर! डोळे बांधून जोडला असता. उस्तादांनी दुरुस्त केलेला रेडिओ म्हणजे असा, की मालक देवाघरी गेला तरी तो बातम्या द्यायचा थांबत नसे. पण आता हात थरथरत. सोल्डरिंगचं तापलेलं टोक तारेपेक्षा बोटांवरच जास्त टेके. डॉक्टरांनी ते कायमचं खाली ठेवायला लावलं. आता सर्किट जोडायचं तर या डबड्यात, माउसने. हेही जमलं नाही, तर दुकानाचं शटर खाली आणि उस्तादांचे झाले नुसते आजोबा.

"अहो, लेकीला फोन लावा की," आतून बायको म्हणाली. "कॉलेजात हेच शिकवते ना ती?"

"तिला विचारू? डायोडचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, हे मी शिकवलंय तिला. याच टेबलावर बसवून!"

"मग बसा त्या लाल पट्टीची आरास बघत."

उस्तादांनी दुसरी वाट धरली होती. इंटरनेटवर नवशिक्यांचा एक गट होता. तिथे ते 'होतकरू' या नावाने लपूनछपून प्रश्न विचारत. 'रेझिस्टर जळला तर धूर कुठून निघतो?' या त्यांच्या पहिल्या प्रश्नावर गट अजून हसत होता. तरी निर्लज्जपणे त्यांनी आज दुसरा टाकला. "सगळं बरोबर जोडलंय. तरी चालत नाही. सॉफ्टवेअर बिघडलंय का?"

'ठिणगी' नावाच्या कुणा विद्यार्थिनीचं उत्तर आलं. "ग्राउंडचं, म्हणजे शून्य व्होल्टचं चिन्ह कुठाय?"

उस्ताद भडकले. जन्मभर रेडिओचा पत्र्याचा सांगाडाच ग्राउंड. त्याचं चित्र कोण काढत बसतं? त्यांनी ठणकावलं, "बॅटरीला काळी वायर आहे ना!"

"आहे हो, पण ती उभीच आहे. काळी वायर म्हणजे घरातली आजी. आधी तिला खुर्चीत बसवा, मग तिच्यापासून ज्याची त्याची उंची मोजा."

उस्तादांचा हात माउसवर थबकला. थरथरायचाही थांबला, असं ते आजही शपथेवर सांगतात. हे वाक्य त्यांनी जगात एकाच व्यक्तीला ऐकवलं होतं. ती या टेबलावर बसून पाय हलवत म्हणायची, "पुरे हो बाबा, तुमची ती आजी!"

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आमच्या बाईंनी. पहिल्याच तासाला सांगतात. त्यांच्या बाबांचं वाक्य आहे म्हणे. अख्ख्या कॉलेजला पाठ आहे!"

उस्तादांनी ग्राउंडचं चिन्ह ओढून आणलं आणि बॅटरीखाली अलगद बसवलं. लाल पट्टी गेली. तिच्या जागी एक हिरवी लाट ऐटीत डोलू लागली.

"काय हो, चाललं का?" बायको हात पुसत बाहेर आली.

"चालतंय म्हणजे! बघ तरी."

तेवढ्यात ठिणगीने विचारलं, "जमलं ना? तुम्ही कुणाकडे शिकता, होतकरू?"

उस्तादांनी चष्मा पुसला, छाती पुढे काढली आणि पलीकडच्या दुकानात ऐकू जाईल अशा जोराने एकेक अक्षर बडवत लिहिलं,

"तुमच्याच बाईंकडे."