आधी वर झालेला हात

लेकीच्या लग्नाचा चुडा भरायला कासार ओसरीवर बसला होता आणि शेवंता दाराआड उभी होती. नवरा गेल्यापासून शुभकार्यात तिची जागा तीच.

"बाहेर ये गं," सासू कडाडली. "विधवांनीही बांगड्या भराव्यात असा ग्रामसभेनं ठराव केलाय. पहिला हात मी वर केला, तो काय तुला दाराआड बघायला?"

शेवंतानं बाहेर येऊन मनगट पुढं केलं. कासारानं हिरव्या बांगड्या भरल्या. रीतीप्रमाणं तिनं त्याला नमस्कार केला, मग सासूच्या पायांवर डोकं टेकलं.

आशीर्वादाला उठलेला सासूचा हात, ग्रामसभेत सगळ्यांच्या आधी वर झालेला तो हात, सासरे गेल्यापासून भुंडाच होता. शेवंतानं तो अलगद धरला आणि कासारापुढं केला.

"मामा, आता आमच्या आत्याबाईंना भरा."