पुढची चाकं

"धर कमल! खाली टेकू देऊ नको!"

कमलबाईने एक्सलचा जड दांडा दोन्ही तळव्यांवर तोलून धरला. दुसरं टोक तिचा नवरा जळबा ट्रकच्या पुढच्या चाकाच्या हबमधून आत सरकवत होता. त्या टोकाला दाते होते. एक जरी दाता नव्या सीलच्या रबराला घासला, तर सील फाटणार आणि ऑईल पुन्हा ब्रेकवर उतरणार. डाव्या चाकाचं सील मघाशीच बसलं होतं. नांदेडहून एसटीच्या ड्रायव्हरने एकच जोडी आणून दिली होती.

बांधावर तातेराव चुळबुळत उभा होता. सकाळी त्याच्या केळीचे घड उतरवून झाले आणि डोंगरकडा गावावर अवचित पाऊस कोसळला. आता घड रानात, व्यापाऱ्याची गाडी डांबरी रस्त्यावर आणि मधे काळ्या मातीचा नुसता राडा. त्यात एक ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतून बसला होता. चारही चाकांनी ओढणारी गाडी गावात एकच, जळबाने लष्कराच्या लिलावातून आणलेला हा ट्रक.

"जळबा, व्यापारी निघतो म्हणून राहिला रे!"

जळबाने हातोडी उचलली.

"आवं, ठोकू नका," कमलबाई म्हणाली. "मी जरा वर उचलते."

तिने दांडा बोटभर उचलला, किंचित फिरवला. आत कुठंतरी खट् झालं आणि दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. दोघं एकमेकांकडे बघून हसलेच.

मग ड्रम, चाक. नट आवळायला कमलबाई पदर खोचून पान्याच्या दांडीवर उभीच राहिली.

"आता चालवून बघाय पायजे," जळबा म्हणाला. "गळती चालतानाच दिसती. मला चाकाबरोबर पळावं लागंल."

"मग चालवील कोण?" तातेरावने विचारलं.

जळबाने कमलबाईकडे पाहिलं. बॅटरी कायमची मेलेली. रोज चार माणसं धक्का मारत, जळबा त्यांच्यात, आणि स्टिअरिंगवर ती. गिअर तिच्या हाताला ठाऊक होते.

"सरळ जाय. त्या बाभळीपाशी थांब."

धक्का बसला, इंजिन गुरगुरलं. तिने छोटा दांडा ओढून पुढची चाकंही इंजिनला जोडली. ट्रक हलला. जळबा कमरेत वाकून चाकाशेजारी पळू लागला.

"कोरडं हाय! कमल, कोरडं हाय!"

बाभूळ आली.

"थांब! थांब म्हन्लं ना!"

पण चाकांखालची जमीन मऊ झालेली तिला बुडाखाली कळली. मघाशी तो ट्रॅक्टर तिने पाहिला होता. थांबला, म्हणून बसला. तिने ब्रेकवरचा पाय काढून घेतला.

मागची चाकं जागीच गरगरली. ट्रक आडवा सरकला, काचेवर चिखलाचा फटकारा बसला, स्टिअरिंग हातातून निसटू पाहत होतं. तिने ते आवळून धरलं. आणि मग पुढच्या चाकांनी खालची घट्ट जमीन पकडली. नाक वर करून ट्रकने स्वतःला ओढून काढलं. कमलबाई ओरडली, काय ते तिलाही कळलं नाही. ट्रॅक्टरवाला सीटवर उभा राहून बघत होता. ती त्याच्याजवळून पुढे गेली, आणखी पुढे, थेट घडांच्या ढिगापाशी. तिथल्या मुरमाड पट्ट्यावर तिने ब्रेक दाबला. ट्रक जागच्या जागी उभा राहिला. इंजिन तिने बंद केलं नाही.

जळबा मांड्यांपर्यंत चिखलाने माखलेला, धापा टाकत पोचला. आधी त्याने दोन्ही चाकांच्या आतून बोट फिरवलं, मग ते वर करून तिला दाखवलं.

"नुसता चिखल. ऑईलचा टिपूस न्हाई!"

माणसं घड भरू लागली. मागून तातेराव पोचला.

"बराबर झालं बाबा. पन आता भरली गाडी हाय जळबा. आता तूच बस."

जळबाने वर पाहिलं. कमलबाईचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते.

त्याने पायांचा चिखल बंपरला पुसला, ट्रकला पुढून वळसा घातला आणि डावीकडचं दार उघडून क्लीनरच्या जागेवर चढून बसला.