आमचा बर्फ

डॉक्टरांनी मुलीच्या किडनीचा रिपोर्ट बाजूला ठेवला. "घरात कोणी केमिकलचं काम करतं का?"

"मी करायचो," निवृत्त सुभेदार म्हणाले. "बावीस वर्षं छावणीत जवानांना आग विझवायला शिकवलं. आगीवर मारायचा फेस रोज अंगावर उडायचा. मला तर काही झालं नाही."

"आम्ही पोरंही खेळायचो ना त्यात," मुलगी दमलेल्या आवाजात बोलली. "युनिटच्या वर्धापनदिनाला मैदानात फेस सोडायचे. आमचा बर्फ. मी खायचेसुद्धा."

सुभेदारांना पाइपचा धक्का पुन्हा खांद्यात जाणवला. समोर गळ्याइतक्या फेसात ती ओरडायची, "बाबा, अजून!"

डॉक्टर चिडले. "त्या फेसातलं केमिकल वर्षानुवर्षं अंगात राहतं, किडनीला घातक असतं. कोण सोडायचं तो फेस मुलांवर?"

सुभेदारांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलीने त्यांचा हात दाबला.

"लहान होते मी, डॉक्टर. आठवत नाही."